आदमला बेंबी होती का?

२१ सप्टेंबर १८४९ या दिवशी लंडनमधल्या एका निसर्गअभ्यासकाने रोजनिशीत एकाच नोंदीत दोन बातम्या लिहिल्या. बायको बाळंत झाली, मुलगा झाला. आणि जमैकाहून हिरवी पाकोळी येऊन पोचली. बस, एवढंच.

तो मुलगा मोठा झाला, लेखक झाला, आणि अठ्ठावन्न वर्षांनी त्याने ही नोंद आपल्या आत्मकथनात जगाला दाखवली. ती दाखवताना त्याने वडिलांची बाजूही सांभाळली. बापाला पोरापेक्षा पक्षी प्यारा होता असं समजू नका, तो फक्त कमालीचा काटेकोर होता, असं तो सांगतो. मुलगा आधी आला, पाकोळी त्याच दिवशी नंतर आली, म्हणून त्याच क्रमाने नोंद झाली.

वडिलांचं नाव फिलिप हेन्री गॉस, मुलाचं एडमंड गॉस. पुस्तक ‘फादर अँड सन’, १९०७ साली आधी निनावी प्रसिद्ध झालेलं. इंग्रजी आत्मकथनांच्या कुठल्याही यादीत ते असतंच. त्या पुस्तकामुळेच फिलिप आज लोकांना आठवतो, पण आठवतो तो एक हट्टी, धर्मवेडा, थोडा हास्यास्पद बाप म्हणून. विज्ञान समोर उभं असताना ज्याने बायबल घट्ट धरून ठेवलं तो माणूस.

मीही ‘फादर अँड सन’ आधी वाचलं आणि फिलिपवर मनसोक्त चिडून घेतलं. मग फिलिपची स्वतःची पुस्तकं उघडली आणि ती चीड तेवढी सोपी राहिली नाही. या लेखात मला ते अवघडपण मांडायचं आहे. कारण ‘वैज्ञानिक श्रद्धाळू असू शकतो का?’ हा आपला आवडता वाद आहे, आणि तो प्रश्नच चुकीचा विचारला जातोय असं मला वाटू लागलं आहे.

सूक्ष्मदर्शक आणि बायबल

आपल्याकडे हा वाद साधारण ठरलेल्या वाटेने जातो. उपग्रह सोडण्याआधी इस्रोचे प्रमुख तिरुपतीला जातात, फोटो येतो, आणि दोन गट भांडतात. एक म्हणतो, बघा, एवढे मोठे शास्त्रज्ञही देवाला मानतात. दुसरा म्हणतो, हे कसले शास्त्रज्ञ! पण या दोन्ही बाजूंनी धरलेली श्रद्धा कामाच्या बाहेरची आहे. रॉकेटचं गणित त्या दर्शनाने बदलत नाही. पाऊस येईल म्हणून छत्री घ्यावी तशी ती श्रद्धा.

फिलिपची श्रद्धा तशी नव्हती. ती कामाच्या आतच होती. १८१० साली जन्मलेला हा माणूस फारसं औपचारिक शिक्षण न घेता सतराव्या वर्षी न्यूफाउंडलंडला कारकून म्हणून गेला. १८३२ हे त्याच्या आयुष्यातलं कळीचं वर्ष. बहिणीच्या गंभीर आजारपणाने हादरून तो त्या वर्षी पक्का धार्मिक झाला, आणि त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेऊन किडे-पतंगांचा शिस्तशीर अभ्यास करू लागला. देव आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही एकाच वर्षी त्याच्या घरात आले, आणि नंतर त्याने त्यांना कधी वेगळ्या खोल्यांत ठेवलं नाही.

पुढे कॅनडात शेती, अलाबामात शिक्षकी, जमैकात पक्ष्यांचा अभ्यास. मग १८५३ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या भटकंतीचं पुस्तक आणि १८५४ मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’. घरात काचेच्या टाकीत समुद्री जीव जिवंत ठेवण्याचं वेड व्हिक्टोरियन इंग्लंडला लागलं त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता. अ‍ॅक्वेरियम हा शब्दही त्यानेच लोकांच्या तोंडी रुळवला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी घरीच खारं पाणी बनवण्याची कृतीही त्याने प्रसिद्ध केली. १८५६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

आता एक विसंगती बघा. फिलिप आणि त्याची बायको एमिली ‘प्लिमथ ब्रदरन’ या कडव्या पंथाचे. येशू लवकरच, कदाचित याच आठवड्यात परत येणार आणि या जगाचा कारभार आटोपणार, अशी त्यांची खात्री. ज्याला जग उद्या संपणार आहे असं वाटतं, तो माणूस ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यांत कमरेइतका वाकून समुद्रफुलांच्या शुंडकांची मोजदाद का करत बसेल?

कारण त्याच्या लेखी ते शुंडक म्हणजे देवाचं हस्ताक्षर होतं. पत्र लिहिणारा स्वतः येणार आहे म्हणून पत्र नीट वाचायचं नाही, असं थोडंच असतं! उलट प्रत्येक वळण, प्रत्येक टिंब महत्त्वाचं. फिलिपची वर्णनं वाचताना मला हे सतत जाणवत राहिलं. घाई नाही, अंदाजपंचे नाही. जे दिसलं ते, जेवढं दिसलं तेवढं, जसं दिसलं तसं. रंगाची छटा चुकली तर ते त्याच्यासाठी निव्वळ चूक नाही, खोटी साक्ष आहे. समुद्रफुलांची त्याने केलेली वर्गवारी ‘अ‍ॅक्टिनॉलॉजिया ब्रिटानिका’ या ग्रंथात १८६० साली पूर्ण झाली, आणि त्याने ठेवलेलं ‘सॅगार्शिया’ हे प्रजातीचं नाव आजही चालू आहे. इथे श्रद्धेने विज्ञानाची वाट अडवली नव्हती. श्रद्धेनेच त्या माणसाला तासन्‌तास गुडघाभर पाण्यात उभं केलं होतं.

गोष्ट सांगणं हे पाप

पण याच काटेकोरपणाची दुसरी बाजू घरात होती. एमिलीला लहानपणी गोष्टी रचायचा नाद होता. तिच्या शिक्षिकेने तिला सांगितलं की हे पाप आहे, कारण जे घडलं नाही ते सांगणं म्हणजे खोटं बोलणं. एमिलीने ते आयुष्यभर मानलं. परिणाम असा की एडमंडच्या बालपणात एकही काल्पनिक गोष्ट नाही. ‘आटपाट नगर होतं’ याचा इंग्रजी अवतार त्या पोराच्या कानावर पडलाच नाही. परी नाही, राक्षस नाही, बोलणारा कोल्हा नाही.

‘फादर अँड सन’मधला हा भाग वाचताना गलबलून येतं. पण थोडं थांबून बघितलं तर कळतं की मुलाच्या गोष्टी हिरावणारा नियम आणि समुद्रफुलाचं अचूक चित्र काढणारा नियम एकच आहे: जे नाही ते सांगू नकोस. खडकातल्या डबक्यापाशी हा नियम उत्तम विज्ञान घडवतो, पाळण्यापाशी तोच क्रूर होतो.

या घरात वाढलेला मुलगा काय शिकतो? पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याचं उत्तर देतो. मूर्तिपूजा केली तर देव कोपतो, असं वडिलांनी सांगितलेलं. एडमंड तेव्हा सहा वर्षांचा. त्याने एक लाकडी खुर्ची कशीबशी टेबलावर चढवली, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि रोजची प्रार्थना देवाऐवजी खुर्चीच्या नावाने म्हटली. मग तो वाट बघत बसला. आभाळ कोसळलं नाही. काहीच झालं नाही. त्याने काढलेला निष्कर्ष देव नाही असा नव्हता. देवाच्या मनातलं बाबांना वाटतं तेवढं कळत नाही, असा होता.

हा प्रसंग बंडखोरी म्हणून वाचला जातो. मला तो प्रयोग म्हणून दिसतो, आणि चांगला प्रयोग. गृहीतक आहे, चाचणी आहे, निरीक्षण आहे, आणि निष्कर्ष पुराव्यापेक्षा एक पाऊलही पुढे जात नाही. सहा वर्षांच्या पोराला हे कोणी शिकवलं? ज्याच्याविरुद्ध तो प्रयोग होता, त्यानेच.

‘ओम्फॅलॉस’: पुरावा देऊन पुरावा नाकारणं

१८५७ हे वर्ष गॉस कुटुंबासाठी वाईट निघालं. फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने गेली. एडमंड सांगतो की त्याच वर्षी डार्विनच्या गोटातून फिलिपला नव्या सिद्धान्ताची कुणकुण दिली गेली होती. पृथ्वीचं वय काही हजार वर्षांचं नसून अफाट आहे, हे तर भूशास्त्रज्ञ तोवर ठामपणे सांगत होतेच. खडकांत एकावर एक थर, थरांत नामशेष प्राण्यांची हाडं. बायबल सांगतं, सहा दिवस. फिलिपला दोन्ही खरे वाटत होते. बायबल खोटं असू शकत नाही, आणि डोळ्यांना दिसणारा जीवाश्मही खोटा असू शकत नाही.

या पेचातून त्याने वर्षअखेर जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘ओम्फॅलॉस’, म्हणजे ग्रीकमध्ये बेंबी. आदम आईच्या पोटातून जन्मला नाही, मग त्याला बेंबी होती का? फिलिप म्हणतो, होती. कारण पूर्ण माणूस म्हणजे बेंबी असलेला माणूस. निसर्ग हे वर्तुळ आहे: अंड्यातून कोंबडी, कोंबडीतून अंडं. देवाने या वर्तुळात कुठल्याही बिंदूवर सुरुवात केली तरी त्या बिंदूआधीचा, प्रत्यक्षात न घडलेला भूतकाळ त्यात दिसणारच. तसंच पृथ्वीचं. ती जीवाश्मांसकट, जुनी दिसेल अशीच निर्माण झाली.

हे समजायला आजच्या वाचकाला एक सोपी जागा आहे. मोबाइलवर एखादा गेम उघडा. पहिल्याच दृश्यात पडका किल्ला असतो. भिंतींवर शेवाळ, तोफेच्या गोळ्याने पडलेलं खिंडार. पण तो किल्ला कोणी बांधला नाही, त्यावर कधी हल्ला झाला नाही. तो पडका म्हणूनच जन्मला. फिलिपचा देव असा गेम बनवणारा आहे.

तर्क म्हणून हे खोडून काढता येत नाही, आणि तीच त्यातली मोठी अडचण आहे. बर्ट्रांड रसेलने पुढे दाखवून दिलं की जग पाच मिनिटांपूर्वी आपल्या सगळ्या आठवणींसकट निर्माण झालं असं म्हटलं, तरी तेही खोडता येत नाही. बोर्हेसने ‘ओम्फॅलॉस’वर एक छोटा, मिश्किल निबंध लिहिला. स्टीफन जे गूल्डनेही लिहिलं, आणि नेमका मुद्दा मांडला: जे विधान खरं असलं काय किंवा खोटं असलं काय, जग तसंच दिसणार, ते विधान विज्ञानाच्या उपयोगाचं नाही.

हे सगळं मान्य. पण ‘ओम्फॅलॉस’ची थट्टा करणारे बहुतेक जण त्याचा मधला, सर्वांत मोठा भाग गाळून बोलतात. त्या भागात फिलिप एकामागून एक जीव समोर आणतो. झाडासारखं वाढणारं नेचं: त्याच्या खोडावर गळून गेलेल्या प्रत्येक पानाचा वण आहे, वण मोजा, वय सांगा. पाणघोडा: त्याचे दात झिजलेले आहेत, किती काळ चावल्यावर एवढी झीज होईल, सांगा. झाडाच्या खोडातली वर्तुळं, शिंपल्यावरच्या वाढीच्या रेषा. प्रत्येक वेळी तो शरीरावरच्या खुणा वाचून काळाचा हिशेब मांडतो, आणि शेवटी म्हणतो: पण हा जीव तर आत्ता, या क्षणी निर्माण झाला आहे.

वाचक म्हणून माझं काय झालं सांगते. तो शेवटचा ‘पण’ माझ्यावर कधीच परिणाम करू शकला नाही. त्याच्या आधीचा पुरावा मात्र मनात बसला. शरीरावर काळ कसा लिहिला जातो हे मला याच पुस्तकाने इतक्या प्रेमाने शिकवलं. खुणांवर विश्वास ठेवू नका, हे पटवण्यासाठी फिलिपला आधी खुणा किती बोलक्या असतात हे दाखवावं लागलं, आणि ते त्याने इतक्या प्रामाणिकपणे दाखवलं की त्याचा स्वतःचा निष्कर्ष त्याखाली गाडला गेला. आपल्याच विरुद्ध इतकी भक्कम साक्ष देणारा लेखक क्वचितच सापडतो.

आणि मग तो वार, जो त्याच्या स्नेह्यानेच केला. चार्ल्स किंग्जली हा पाद्री, कादंबरीकार आणि फिलिपच्या पुस्तकांचा चाहता. त्याने ‘ओम्फॅलॉस’वर लिहायला नकार दिला. देवाने खडकांवर एवढं प्रचंड खोटं लिहून ठेवलं असेल यावर आपण विश्वास ठेवू शकत नाही, असं त्याने कळवलं. हा आक्षेप नास्तिकाचा नाही, भाविकाचा आहे.

इथे मला त्या घरातल्या गोष्टींच्या बंदीची आठवण होते. ज्या घरात मुलाला कोल्ह्याची गोष्ट सांगणं पाप होतं, त्या घराच्या कर्त्याने देव वाचवण्यासाठी देवालाच कादंबरीकार केलं. न घडलेले जन्म, न जगलेली जनावरं, न उलटलेली युगं, आणि सगळं इतकं बारकाईने रचलेलं की कुठे शिवण दिसू नये. फिलिपला ‘ओम्फॅलॉस’चं हसं झालं याचं फार दुःख झालं. पण मला वाटतं, त्याच्या खऱ्या हाराकिरीची जागा दुसरीच होती. आयुष्यभर पाळलेला नियम, जे नाही ते सांगू नकोस, हा त्याने देवाला लागू केला नाही.

केप्लरच्या आठ कला

म्हणजे श्रद्धा शेवटी घात करतेच, असं म्हणायचं का? इथे मी योहान्नेस केप्लरला मध्ये आणते. तोही धर्मशास्त्र शिकलेला, पाद्री होऊ पाहणारा. देव भूमितीच्या भाषेत विचार करतो अशी त्याची खात्री. १५९६ च्या पहिल्या ग्रंथात त्याने ग्रहांच्या कक्षांमध्ये पाच नियमित घनाकृती बसवल्या आणि देवाचा आराखडा सापडला म्हणून हरखून गेला.

पुढे मंगळाच्या कक्षेशी झुंजताना त्याचं गणित आणि टायको ब्राहेची निरीक्षणं यांत ८ कलांचा फरक राहिला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा हिस्सा. इतका फरक त्या काळी कोणीही खपवून घेतला असता. केप्लरने घेतला नाही. त्याचं कारण बघण्यासारखं आहे: देवानेच कृपेने टायकोसारखा अचूक निरीक्षक आपल्याला दिला, तेव्हा या ८ कला दुर्लक्षून चालणार नाही. त्याने केलेलं सगळं काम बाजूला ठेवलं, दोन हजार वर्षं पवित्र मानलेलं वर्तुळ सोडलं, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं.

दोघेही भाविक, दोघेही काटेकोर. मग फरक कुठे? केप्लरची श्रद्धा म्हणत होती, देव कसा आहे हे मला आकाशाकडे बघूनच कळेल. त्यामुळे आकाशाला त्याची चूक दाखवायची मुभा होती. फिलिपची श्रद्धा समुद्रफुलापाशी हेच म्हणत होती, पण खडकापाशी आल्यावर म्हणाली, देव काय म्हणाला हे आधीच ठरलेलं आहे. तिथे खडकाची बोलती बंद झाली. अर्थात केप्लरलाही संत करायला नको. आपल्या लाडक्या घनाकृती त्याने शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, १६२१ मध्ये ते पुस्तक टिपांसह पुन्हा काढलं. म्हणजे एकाच माणसात दोन्ही प्रकारची श्रद्धा नांदू शकते. म्हणूनच ‘शास्त्रज्ञ श्रद्धाळू असावा का’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे: याची श्रद्धा याला आणखी एकदा बघायला लावते, की बघणं थांबवायला सांगते? आणि हाच प्रश्न श्रद्धा नसलेल्यांनाही, त्यांच्या लाडक्या सिद्धान्तांबद्दल विचारता येतो.

मुलाचं खोटं

आता एडमंड. ‘फादर अँड सन’ सुरुवातीलाच बजावतं की हे सगळं खरं आहे, दस्तऐवज आहे. पण अ‍ॅन थ्वेटने आधी मुलाचं आणि २००२ मध्ये बापाचं चरित्र लिहिलं, तेव्हा एडमंडच्या आठवणींतली बरीच रंगरंगोटी उघडी पडली. खरा फिलिप पुस्तकातल्या बापापेक्षा जास्त मायाळू, जास्त हसरा होता. एडमंडने स्वतः १८९० मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी लिहिलेल्या चरित्रातला फिलिपही बराच सौम्य आहे.

मला यात फसवणुकीपेक्षा काव्यगत न्याय जास्त दिसतो. गोष्टी नाकारलेल्या मुलाने पन्नाशी उलटल्यावर अखेर एक गोष्ट रचली, आणि तिला सत्य म्हटलं, कारण त्या घरात दुसरी कुठली परवानगीच नव्हती. त्याच गोष्टीतला नाताळच्या पुडिंगचा प्रसंग, मुलाने चोरून खाल्लेला घास आणि बापाचा संताप, पुढे पीटर केरीने ‘ऑस्कर अँड लुसिंडा’ या कादंबरीत वापरला, आणि तिला १९८८ चं बुकर मिळालं. कल्पनेला दार बंद करणाऱ्या घरातून इतकी कल्पना बाहेर पडली.

पण एडमंडचा एक आरोप मला मान्य नाही. बाप सगळं भिंगातून बघायचा, निसर्गाचं विशालपण त्याला दिसलंच नाही, असं तो सुचवतो. हे लिहिणारा मुलगाच दुसऱ्या पानांवर बापाबरोबर डबक्यांत उतरतो, आणि ती पानं पुस्तकातली सर्वांत सुंदर पानं आहेत. नंतर तो हळहळत सांगतो की बाबांची पुस्तकं वाचून लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर आल्या, जाळी-बरण्या घेऊन सगळं ओरबाडून नेलं, आणि ती डबकी पुन्हा तशी राहिली नाहीत. बाबांना याचा फार सल होता. जो माणूस आपल्या हातून नकळत झालेलं नुकसान बघून असा कष्टी होतो, त्याला भिंगापलीकडचं दिसत नव्हतं असं कसं म्हणावं?

‘फादर अँड सन’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आणि ‘ओम्फॅलॉस’ इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतं. माझी शिफारस, आधी मुलाचं वाचा. चिडा. मग बापाचं उघडा, निदान नेच्याच्या खोडाचं आणि पाणघोड्याच्या दातांचं वर्णन वाचा. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी माणसं आहेत, ज्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहे आणि ज्यांचे निष्कर्ष आपल्याला अजिबात पटत नाहीत. त्यांना फॅमिली ग्रुपवर म्यूट करणं सोपं असतं. नजर कुठवर खरी होती आणि कुठे ती मिटली, हे नेमकं शोधणं अवघड असतं, पण आपल्याला त्यांच्याकडून काही घ्यायचं असेल तर तेवढं करावं लागतं.

फिलिपने त्या सप्टेंबरच्या दिवशी जे आधी आलं ते आधी लिहिलं, जे नंतर आलं ते नंतर. हा क्रम त्याने खडकांनाही लावला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. त्याला ही नोंद करता येत होती. त्याच्याइतकी ती कोणालाच करता आली नसती.